मेलेल्या कुलपाचं काय करायचं?

जुना व्हिडिओ गेम पैसे मोजून विकत घेणारा माणूस आमच्या भागात अजूनही जरा खुळाच समजला जातो. त्यात नवल काही नाही. माझ्या पिढीतल्या कुणी ‘व्हाइस सिटी’ विकत घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तो यायचा. कुणाच्या तरी मावसभावाच्या सीडीवरून, सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवरून, पुण्याहून सुट्टीला आलेल्या पोराच्या पेनड्राइव्हवरून. ‘मुस्तफा’चं तर खरं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं. तो ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ नावाचा, कॅपकॉम या जपानी कंपनीचा 1993 चा गेम आहे हे मला विशी उलटल्यावर कळलं. तोवर तो फक्त मुस्तफा होता, आणि एका रुपयाच्या नाण्यावर चालायचा.

मग दोन गोष्टी झाल्या. 2015 च्या अखेरीस ‘स्टीम’ या मोठ्या ऑनलाइन दुकानात किमती रुपयांत दिसू लागल्या, आणि पाठोपाठ यूपीआय आलं. डॉलर नकोत, क्रेडिट कार्ड नको. सेल लागला की पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा गेम मिसळीच्या प्लेटच्या भावात मिळतो. लहानपणी जे फुकट खेळलो त्याचे पैसे तिशीत देणारी एक जमातच त्यातून तयार झाली. मीही तिच्यातलाच. कुणी याला उपरती म्हणेल. मला विचाराल तर ती निव्वळ हौस आहे.

अडचण पैसे दिल्यानंतर सुरू होते. गेम उतरवून घेतला, चालू केला, की तो काहीतरी मागतो. कधी सीडी मागतो, जी आपल्याला मिळालेलीच नाही. कधी एखाद्या खात्यात लॉगिन करायला सांगतो, आणि ते खातं देणारी सेवा केव्हाच बंद पडलेली असते. पैसे मी दिलेत, वस्तू माझ्या लॅपटॉपवर आहे, पण तिच्यावरचं कुलूप उघडणारा माणूस जागेवर नाही. अशा वेळी ते कुलूप मी तोडलं तर ती चोरी होते का? आणि होत नसेल, तर मग आधी पैसे तरी कशाला द्यायचे?

थोडं कुलपाविषयी. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळलेल्यांना तो राजपुत्र आठवत असेल. 1989 च्या त्या मूळ गेममध्ये बाटल्यांनी भरलेली एक खोली होती. गेमसोबत आलेल्या पुस्तिकेतल्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं ते बघायचं आणि त्या अक्षराची बाटली प्यायची. बाकीच्या बाटल्यांत विष. ज्याच्याकडे पुस्तिका तो खरा गिऱ्हाईक. 1990 च्या ‘मंकी आयलंड’मध्ये यासाठी पुठ्ठ्याची एक फिरती चकती होती. झेरॉक्सवाल्यापुढे या कुलपांचा टिकाव लागणं कठीणच होतं. पण त्यांच्यात एक गुण होता, तो आता मागे वळून पाहताना कळतो. किल्ली गिऱ्हाइकाच्या कपाटात असायची. कंपनी बुडाली, विकली गेली, मालक देशोधडीला लागला, तरी पुस्तिका तुमच्याकडेच.

पुढे किल्ली सीडीत गेली. ‘सेफडिस्क’सारख्या यंत्रणा सीडी अस्सल आहे का ते तपासायच्या आणि त्यासाठी विंडोजच्या पार पोटात शिरून बसायच्या. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचं कारण देऊन सेफडिस्कला दार बंद केलं. कारण योग्यच होतं. पण एका रात्रीत असे कितीतरी गेम मुके झाले, ज्यांच्या अस्सल सीड्या लोकांच्या घरात, अस्सल डब्यांत, एक ओरखडा नसताना पडून होत्या.

आणि मग किल्ली कंपनीच्या ऑफिसात गेली. 2008 चा ‘स्पोर’ सुरुवातीला फक्त तीन वेळा इन्स्टॉल करता यायचा. 2010 मध्ये युबिसॉफ्टने नियम काढला की खेळताना पूर्णवेळ इंटरनेट हवं. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचेच सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेली माणसं पडद्याकडे बघत बसली. ज्या महाराष्ट्रात त्या काळी लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून गिरणीत दळण टाकायचं की नाही ते ठरायचं, तिथं या नियमाला काय म्हणावं! ‘जीटीए 4’ची तऱ्हा आणखी पुढची. तो मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ या सेवेवर टेकलेला होता. सेवा मरणपंथाला लागली, नव्या किल्ल्या बनेनात, आणि 2020 च्या जानेवारीत स्टीमवर तो विकणंच थांबवावं लागलं. काही आठवड्यांनी परत आला तेव्हा त्यातलं एकमेकांविरुद्ध ऑनलाइन खेळणं गायब होतं. त्याआधी 2018 मध्ये त्याच्या रेडिओवरची बरीच गाणी गेलीच होती, कारण गाण्यांचे दहा वर्षांचे करार संपले.

माझा स्वतःचा किस्सा एवढा मोठा नाही. मी लेण्याद्रीच्या पायथ्याला, गोळेगावात राहतो. एका सेलमध्ये गाड्यांच्या शर्यतीचा एक जुना गेम घेतला. इथं नेट मोबाइलचंच, त्यामुळे रात्री हॉटस्पॉट लावून उतरवत ठेवला आणि पुढचे काही आठवडे कांदा काढणीच्या गडबडीत उघडलाच नाही. उघडला तेव्हा त्याने अशा सेवेचं खातं मागितलं जी बंद होऊन वर्षं लोटली होती. दुकानाला लिहिलं. उत्तर आलं की पैसे परत मागायची मुदत संपली आहे, आणि गेमबद्दलची तक्रार प्रकाशकाकडे करावी. प्रकाशकाने कळवलं की हे उत्पादन आता आमच्या सेवेच्या कक्षेत येत नाही. विकायच्या कक्षेत मात्र येत होतं. शेवटी परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने बनवलेली एक चिमुकली फाइल मिळाली. ती मूळ फाइलच्या जागी टाकली आणि गेम सुरू झाला. कुलूप तोडलं म्हणजे एवढंच केलं.

हे मी नारायणगावच्या एका मित्राला सांगितलं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि जगातलं कुठलंच कुलूप त्याला फारसं गंभीर वाटत नाही. तो म्हणाला, “तू दोनदा येडा ठरलास. पैसे दिलेस तेव्हा एकदा, आणि क्रॅक शोधत बसलास तेव्हा परत. मी एकदाच शोधतो.”

यावर पटकन उत्तर सुचत नाही. कारण त्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे, आणि तो कंपन्यांनीच दिलेला आहे. 2008 मध्ये ‘रेनबो सिक्स व्हेगास 2’ ऑनलाइन घेतलेल्या लोकांकडे गेम सीडी मागू लागला. युबिसॉफ्टने दुरुस्तीची फाइल दिली. लोकांनी ती उघडून पाहिली तर ती ‘रीलोडेड’ या चोरट्या टोळीने बनवलेली क्रॅक निघाली. दोन वर्षांनी स्टीमवरच्या ‘मॅक्स पेन 2’मध्ये अशाच दुसऱ्या टोळीची खूण सापडली. म्हणजे ज्यांना चोर म्हणायचं त्यांचंच काम आपल्या नावाने गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं. शिवाय 2023 मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेला अभ्यास सांगतो की 2010 पूर्वी तिथं आलेल्या गेमपैकी 87 टक्के आज सरळ मार्गाने विकत मिळतच नाहीत. ते खेळायला मिळतात ते अशाच लोकांच्या साठवणुकीतून. आमचा मुस्तफाही त्यांतलाच. मूळ कॉमिकच्या हक्कांची गुंतागुंत असल्याने तो घरच्या कॉम्प्युटरसाठी कधी रीतसर आलाच नाही.

तरीही मित्राचं म्हणणं मला पटत नाही. त्याच्या हिशोबात गेम आधीच झाडाला लागलेला असतो, फक्त तोडून घ्यायचा. तो कुणी लावला, पाणी कुणी घातलं, हा प्रश्न त्या हिशोबात नाही. पुणे इथून नव्वदेक किलोमीटर. तिथं नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या चमूने ‘राजी’ बनवला. 2017 मध्ये लोकवर्गणीसाठी किकस्टार्टरवर गेले, ती मोहीम फसली. तरी नेट लावून 2020 मध्ये गेम बाहेर काढला. युबिसॉफ्टचाही पुण्यात स्टुडिओ आहे, आणि आपल्याकडची इंजिनिअरिंग झालेली पोरं अशा ठिकाणी रात्री जागवतात. वर ज्या कंपनीला मी दोनदा नावं ठेवली तिच्या पगारावर कुणाच्या तरी घराचा हप्ता जातो. ‘राजी’ची क्रॅक शोधणाऱ्याकडे कुठलंही मेलेलं कुलूप नसतं. त्याला फक्त पैसे द्यायचे नसतात. तसं त्याने सरळ म्हणावं, तत्त्वाच्या आड लपू नये.

मित्र म्हणाला, बरं, नव्यांना दे. पण वीस वर्षांपूर्वीचा गेम ज्यांनी बनवला ती माणसं कधीच पांगली. तुझे पैसे त्यांच्यापर्यंत जातात का? जातात ते, ज्या कुणी बुडालेल्या कंपनीचे हक्क घाऊक भावात उचलले त्याच्याकडे.

हा घाव बरोबर बसला. मला तेव्हा पहिल्यांदा स्वतःला विचारावं लागलं की मी नक्की कशाचे पैसे देतो. पोलंडमध्ये 2008 साली ‘गुड ओल्ड गेम्स’ नावाचं दुकान निघालं, आता ते जीओजी म्हणून ओळखतात. त्यांचं काम म्हणजे जुन्या गेमचे हक्कदार शोधायचे, परवानगी घ्यायची, कुलूप काढायचं, आजच्या विंडोजवर गेम चालेल असा करायचा, आणि मग विकायचा. इन्स्टॉल करायची फाइल आपल्या हार्ड डिस्कवर ठेवता येते, पुन्हा त्यांना विचारावं लागत नाही. तिथं दिलेले पैसे मुख्यतः राखणीचे असतात. निर्मात्याचा मोबदला त्यात असला तर थोडाच. आणि राखणीचे पैसे द्यायला मला काहीच वाटत नाही, कारण आमच्या गावात ते रोज दिले जातात. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायच्या तर पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं. डोंगर कोरणाऱ्यांपैकी कुणाला त्यातला छदाम मिळत नाही. कुणी कुरकुरलं तर तिकीट महाग म्हणून, किंवा देवदर्शनाला कसलं तिकीट म्हणून. कोरणारे मेले म्हणून तिकीट नको, असं मी अजून ऐकलेलं नाही.

इथं थोडा वर चढून जातो, कारण मालकी या शब्दाचा माझा गोंधळ तिथंच सुटला.

2025 च्या पहिल्या तारखेपासून कॅलिफोर्नियात कायदा आहे की डिजिटल वस्तू विकताना, जी वस्तू विक्रेता नंतर काढून घेऊ शकतो तिच्याखाली ‘खरेदी’ असा शब्द तसाच वापरता येणार नाही. मिळतो तो फक्त परवाना, हे स्पष्ट सांगावं लागेल. स्टीमने आधीच, 2024 च्या ऑक्टोबरात, तशी ओळ टाकली. तेव्हा बऱ्याच जणांना धक्का बसला. आपलं काहीच नाही, सगळं भाड्याचं! मलाही आधी राग आला. पण मालकी नसणं हे खरंच एवढं वाईट आहे का?

लेण्याद्रीची लेणी, तीसेक असतील, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. सहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहावर लेख आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं हे दान. जुन्नरच्या चारी बाजूंच्या डोंगरांत असे लेख विखुरलेत. मानमोडीवर नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि पाण्याची पोढी दिली, शिवनेरीवर चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. दान घेणाऱ्या भिक्षूंपैकी कुणीही त्या खोलीचा मालक झाला नाही. पावसाळाभर राहायचं, निघून जायचं, पुढच्या वर्षी दुसरा कुणी. केवळ वापर, आणि तोही सुखाचा वापर. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदात्ताचा लेख आहे, त्यात व्यवस्थाही लिहून ठेवली आहे. 3000 कार्षापणांची ठेव, विणकरांच्या दोन श्रेणींकडे. 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज, 1000 वर पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा वगैरे खर्च. या ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. जुन्नरच्या लेखांतही बांबूकाम करणाऱ्यांच्या, काशाचं काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवल्या जाणाऱ्या पैशांचा उल्लेख आहे.

अक्षय काही राहिलं नाही, हे वेगळं. श्रेणी गेल्या, कार्षापण गेले, व्याज थांबलं. पण व्याज थांबलं त्या दिवशी लेणं बंद झालं नाही. नाणेघाटात तो मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. जकात घेणारे सातवाहन गेले म्हणून घाटाची वाट कुणी बुजवली नाही. आपण आजही जातो, वीकेंडला तर जरा जास्तच जातो.

माझ्या लक्षात आलं ते असं. परवाना देऊन वापरू देणं यात फसवणूक नाही. कुलूप लावण्यातही नाही. ज्याने घाम गाळला त्याने काही वर्षं दारात बसून पैसे घ्यावेत. फसवणूक तिथं सुरू होते जिथं दाराशी बसणारा उठून घरी जातो आणि किल्ली खिशात घेऊन जातो. किल्ली स्वतःच्या ऑफिसात ठेवायचं त्याने ठरवलं होतं, मी नाही. पुस्तिका माझ्या कपाटात असती तर त्याच्यावर काहीच बंधन नव्हतं. किल्ली स्वतःकडे घेतली तेव्हा, जाताना दार उघडं टाकून जायची जबाबदारीही त्याने घेतली, करारात लिहिलेलं असो वा नसो. ती त्याने पाळली नाही, तर दाम भरलेल्या माणसाने दार ढकलून आत जाणं याला मी चोरी म्हणणार नाही. चोरीला कुणाचं तरी काही जावं लागतं. इथं कुणाचंच काही जात नाही.

याला एक उलटी बाजू आहे आणि ती लेण्याद्रीइतकी स्पष्ट क्वचितच दिसते. सातवं लेणं हा वीस खोल्यांचा विहार. आज ते गिरिजात्मजाचं देऊळ आहे, अष्टविनायकांपैकी एक. दात्याने दिलं एका धर्माच्या संघाला, नांदतो तिथं दुसराच देव. दार उघडं राहिलं की कोण आत येईल, आत काय करेल, यावर देणाऱ्याचा ताबा उरत नाही. गेम बनवणाऱ्यांनाही हीच भीती असते. कुलूप काढलेला गेम घेऊन लोक त्यात आपले रंग भरतील, गाड्यांच्या जागी एसटी आणि ट्रॅक्टर घालतील, मूळ कर्त्याला न आवडणारं काही करतील. भीती खरी आहे. ती घालवायचा उपाय मला माहीत नाही, आणि बंद दाराआड कुजलेल्या वस्तूपेक्षा वाकडी वापरलेली वस्तू बरी, एवढंच माझं मत आहे. ज्यांचं मूळ दान होतं त्यांच्या वारसांना ते इतकं सहज वाटणार नाही, हेही मला कळतं.

‘द क्रू’ हा शर्यतीचा गेम 31 मार्च 2024 रोजी बंद झाला. एकट्याने खेळायलाही त्याला कंपनीचा सर्व्हर लागायचा, त्यामुळे घेतलेल्या सगळ्यांसाठी तो एकाच दिवशी संपला. त्यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि 2025 च्या जुलैत युरोपातल्या तिच्या अधिकृत मागणीपत्रावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी काय? सर्व्हर कायम चालवा, अशी नाही. एवढीच की बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. अक्षयनीवीची मागणीसुद्धा नव्हे ही. पोढीवर झाकण टाकून त्याला टाळं लावू नका, इतकीच.

आपल्याकडे 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम 65अ आलं. कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मित्राने हे कुठंतरी वाचून मला फोन केला, “आता जातोस आत!” कलम नीट वाचलं तर त्यात हक्क मोडण्याच्या हेतूने तोडल्यास, असे शब्द आहेत, आणि कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामासाठी तोडण्याला सूट आहे. म्हणजे कायदाही कुलपाकडे बघून थांबत नाही, तोडणाऱ्याच्या मनात काय होतं ते विचारतो. मी हे त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “आणि तुझ्या मनात काय होतं ते पोलिसांना कोण सांगणार?” त्यावर मी पैसे भरल्याचा यूपीआयचा मेसेज त्याला पाठवला. एकशे एकोणपन्नास रुपये. अजून जपून ठेवलाय.

आता एक निराळाच पेच आहे. बहिणीच्या मुलाला तो गाड्यांचा गेम हवाय. सीडी असती तर देऊन मोकळा झालो असतो. परवाना माझ्या एकट्याच्या नावावर आहे, तो दुसऱ्याला देता येत नाही. आणि या बाबतीत दुकान जिवंत आहे, नियम जिवंत आहे, मला कुलूप मेल्याची सबब नाही. म्हणून फाइल त्याला दिली नाही. लॅपटॉपच दिला, शनिवार-रविवारपुरता. रविवारी संध्याकाळी परत आणायला गेलो तर पोरगं म्हणालं, मामा, सहावी शर्यत राहिलीये, मंगळवारी नेशील का?